तिसऱ्या नंबरचं गाणं

नोव्हेंबर संपत आला की कासलबारच्या आमच्या सुपरमार्केटात, बटाट्यांच्या रांगेपाशी, ते गाणं वर्षातून पहिल्यांदा कानावर येतं. कुठलं गाणं ते सांगत बसत नाही. आयर्लंडात राहणाऱ्याला न सांगता कळेल, आणि न राहणाऱ्याला कळून काही उपयोग नाही. मी शाळेत होतो तेव्हाचं आहे ते. पण दर वर्षी परत येतं, महिनाभर दुकानांत, गाड्यांत, दातांच्या डॉक्टरकडे वाजत राहतं आणि नाताळच्या आठवड्यात देशातल्या गाण्यांच्या यादीत अगदी वर जाऊन बसतं. जानेवारीत कुणाला त्याची आठवणही नसते. यंदा ते वाजलं तेव्हा माझ्या हातात बटाट्यांची पिशवी होती. ती मी परत ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली. शेजारच्या बाई कौतुकाने बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, हा माणूस बटाटे फार पारखून घेतो. तेही खरंच आहे म्हणा.

इथला डिसेंबर अंधारात सुरू होतो आणि अंधारात संपतो. मुलं शाळेत जातात तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू असतात, आणि परत येतात तेव्हा ते पुन्हा लागायच्या बेतात असतात. पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा हवेत तरंगतो. चुलाण्यात जळणाऱ्या पीटचा, म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या विटांचा, मंद धूर गल्लीभर असतो. दारामागे ओल्या कोटांचा ढीग. बेकरीच्या दारातून लवंग-दालचिनीचा वास येतो आणि क्षणभर कुणीतरी मसालेभात टाकलाय असं वाटतं. या सगळ्याची आता सवय झाली आहे. सवय होत नाही ती त्या एका गाण्याची.

नाताळच्या आठवड्यात कुठलं गाणं पहिलं येणार, याची इथे चुरस असते. आपल्याकडे दिवाळी अंकांची चर्चा होते, पण तिला असा एक निकाल नसतो. इथे असतो. नाताळच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर यादी वाचली जाते. पैजा लावायच्या दुकानात गाण्यांचे भाव लागतात. ऑफिसातले लोक, न्हावी, शाळेच्या फाटकाशी उभे असलेले आईबाप, सगळ्यांचं काही ना काही मत असतं. मला या प्रकाराचं पहिल्यापासून कुतूहल होतं, कारण मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस आहे. एका औषध कंपनीसाठी मी तपासण्यांचे निकाल पडताळतो. म्हणजे कुणीतरी आधी मोजलेलं पुन्हा मोजतो. घरी दूध कधी संपेल आणि गाडीचे टायर कधी बदलायचे हेही मीच सांगतो. माझी बायको मेधा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. ती म्हणते, "तुला कुणी 'कसा आहेस' विचारलं तरी तू आधी तापमान बघशील."

चार वर्षांपूर्वी त्या यादीत आमच्या घरातला एक आवाज होता.

आमची मुलगी इरा तेव्हा ट्रान्झिशन इयरला होती. इथल्या शाळेत दोन मोठ्या परीक्षांच्या मधे हे एक मोकळं वर्ष असतं. अभ्यास कमी, बाकीचे उपद्व्याप जास्त. कुणी बोट बांधतं, कुणी नाटक बसवतं. त्या वर्षी संगीताच्या मिसेस डोलन यांनी मुलांकडून एक नाताळचं गाणं रेकॉर्ड करून घ्यायचं ठरवलं. बेलमलेटच्या बाजूची म्हातारी माणसं डायलिसिससाठी लांबून हॉस्पिटलात येतात, त्यांना आणायला-सोडायला एक मिनीबस घ्यायची होती. गाणं बाईंनीच लिहिलं होतं. पश्चिमेच्या रस्त्याने दिवेलागणीला घरी परतणाऱ्या माणसाचं, साधं. त्यात खालच्या पट्टीत मुलगे गातात, मधे मुली गातात, आणि दुसऱ्या कडव्यानंतर सगळ्यांच्या वरून एकच आवाज जातो. त्याला शब्द नाहीत. वर जाऊन थोडा थांबतो आणि उतरतो. तो इराचा.

पहिल्यांदा तिने ते आम्हाला स्वयंपाकघरात ऐकवलं तेव्हा मी भांडी प्रेसमध्ये ठेवत होतो. प्रेस म्हणजे भांड्यांचं कपाट; इथे राहून आम्हीही तेच म्हणायला लागलो. तिचा आवाज आला आणि मी ताट हातात धरून तसाच उभा राहिलो. गाणं संपल्यावर इरा म्हणाली, "वेल? से समथिंग, बाबा."

मी म्हणालो, "रेकॉर्डिंगची लेव्हल चांगली आहे."

मेधाने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

माझे वडील नागपुरात, माझ्या धाकट्या भावाकडे असतात. वीज मंडळात मीटर विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. बायपास झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना लांबचा विमानप्रवास बंद केला, त्यामुळे ते इकडे कधी आलेच नाहीत. इरा दोन-तीन वर्षांतून एकदा सुट्टीत भेटणारी नात. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते आमच्या मेयो परगण्याच्या इंग्रजीत. वडिलांना इंग्रजी येतं, पण ते वीज मंडळाचं. त्यामुळे दर रविवारी फोनवर दोघांचं बोलणं ठरलेलं. "जेवली का?" "येस, आजोबा." "काय जेवली?" "पास्ता." "बरं बरं." मग फोन माझ्याकडे. दोघांचाही एकमेकांवर जीव होता, पण तो जीव पोचवायला काही साधन नव्हतं. त्या गाण्याने ते मिळालं, असं आम्हाला वाटलं.

सुरुवात झाली ॲडम्सटाउनहून. तिथे राहणारा संदीप हा मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला आणि आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. उत्साह असा की त्याच्या कोजागिरीला आयरिश शेजारी दूध प्यायला रांग लावतात. त्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: "चलो मंडळी! आपल्या इराचं गाणं नंबर वन करायचंय. जगात कुठेही असा, लिंक उघडा आणि लावून ठेवा. गावाकडे पण पाठवा यार, एक एक प्ले इम्पॉर्टंट आहे!" तो मेसेज इथल्या मलिंगारहून सांगलीला, सांगलीहून ठाण्याला, ठाण्याहून परत माझ्याकडे आला, तोवर त्याला वर गणपती आणि खाली ख्रिसमस ट्री चिकटलं होतं.

नागपुरात तो पोचला तेव्हा वडील बागेतून फिरून येत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. रविवार नसताना त्यांचा फोन म्हणजे मी आधी तब्येतीचं विचारणार.

"काय झालं बाबा?"

"काही नाही झालं. तू मला हे सांग, हे गाणं एकदा लावलं की एक युनिट पडते का?"

"एक प्ले म्हणतात त्याला. हो, एक."

"आणि संपलं की पुन्हा लावलं, तर दुसरं?"

"हो."

"मग ठीक आहे. आमचा कट्टा तयार आहे."

कट्टा म्हणजे बागेत सकाळी फिरायला येणारे त्यांचे दोस्त. देशमुख, बोबडेकाका, निवृत्त मुख्याध्यापिका पाठकबाई आणि आणखी पाच-सहा. नागपूरचा डिसेंबर मला चांगला आठवतो. कोवळं ऊन, माकडटोप्या, बाकावर सोललेल्या संत्र्यांची सालं आणि बोटांना दुपारपर्यंत राहणारा त्यांचा वास. त्या उन्हात ही मंडळी मांडीवर फोन ठेवून एका आयरिश गावाचं नाताळचं गाणं लावत दुपार टळेपर्यंत बसायची. वडिलांनी पाळ्या लावून दिल्या होत्या. भावाने फोटो पाठवला. सगळे ओळीने बसलेले, चेहरे गंभीर, जणू मतमोजणी चालू आहे. इराने तो फोटो तिच्या वर्गात दाखवला आणि डोलनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो शाळेच्या बोर्डावर लावला.

रोज सकाळी, म्हणजे आमच्या सकाळी आणि त्यांच्या दुपारी, फोन.

"मीटर किती फिरलं?"

गाण्याच्या खाली आकडा दिसतो. तो मी वाचून दाखवायचो. आदल्या दिवशीपेक्षा बराच वाढलेला असायचा. वडील तिकडे मोठ्याने सगळ्यांना सांगायचे आणि मला एकदम कट्ट्याचा गलका ऐकू यायचा. "पाठकबाई आघाडीवर आहेत. त्यांच्याकडे दोन फोन आहेत ना! बोबडे मागे पडून राहिले, त्यांना म्हटलं, बापा, नुसता चहा पिऊ नका." मग हळूच, "इरा आहे का? तिला सांग, आजोबा ड्यूटीवर आहेत."

इरा टोस्ट खाता खाता फोन घ्यायची. आता त्यांच्यात बोलायला विषय होता. ती इंग्रजीत सांगायची की आज रेडिओवर गाणं लागलं, ते मराठीत सांगायचे की देशमुखांच्या सुनेने विचारलं हे कोणतं भजन. दोघं हसायची. मेधा ओट्याशी उभी राहून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "असं चालू राहिलं तर ही मराठी बोलेल रे."

इकडे गावातही वातावरण तापलं होतं. शेजारचा शेमस, मेंढ्या पाळणारा, सत्तरीचा, त्याने इराच्या वर्गाच्या गाण्यावर पैज लावली होती. इथे कुणाही तिसऱ्या माणसाला, मग तो ओळखीचा असो वा नसो, 'युअर मॅन' म्हणतात. तर शेमस कुंपणावरून त्या जुन्या गाण्याच्या गायकाबद्दल म्हणायचा, "युअर मॅनला आता विश्रांती द्यायला हवी. पोरं जिंकतील. ग्रँड होईल सगळं." त्याच्या लेखी सगळंच ग्रँड. पाऊसही, गुडघेदुखीही.

आणि मग एका दुपारी मी नियम वाचले.

वाचणारच होतो. इतकं मोजलं जात असताना ते कसं मोजतात हे न वाचता राहणं माझ्याच्याने होत नाही. नियमांमध्ये बऱ्याच गोष्टी होत्या. पैसे भरून ऐकणाऱ्याचं ऐकणं जास्त वजनाचं, फुकट ऐकणाऱ्याचं कमी. यावर मी जरा वेळ थांबलो, कारण ऐकण्याचंही वजन असतं हे मला नवीन होतं. मग पुढची ओळ. आयर्लंडच्या यादीत आयर्लंडमध्ये ऐकलेलंच मोजतात. म्हणजे बाहेरचं मोजतच नाहीत. गाण्याखालचा आकडा सगळ्या जगाचा, आणि यादीतला आकडा फक्त या देशाचा. दोन मीटर होते. वडील रोज ज्याच्यासाठी झटत होते, ते दुसरंच मीटर होतं.

मी पुन्हा वाचलं. चूक माझ्या वाचण्यात असावी अशी इच्छा माझ्या आयुष्यात फार क्वचित झाली आहे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी ते सांगितलं. मेधा नुकतीच ड्यूटीवरून आली होती, कोट अजून अंगात होता.

"बाबांना सांगायला हवं," मी म्हणालो.

"का?"

"कारण ते खरं आहे."

"हे काय उत्तर झालं?" तिने कोट खुर्चीवर टाकला. "अरे, ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते इतके खुशीत आहेत. सकाळी उठायला त्यांना काम आहे. आठवडाभराचा प्रश्न. राहू दे ना."

इरा जिन्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "डोन्ट, बाबा. प्लीज. ही'ज हॅविंग सच क्रॅक." क्रॅक म्हणजे इथली धमाल, चार माणसं जमली की होते ती. मग ती म्हणाली की आजोबा पहिल्यांदाच तिला काय जेवलीस असं विचारत नाहीत.

 निकाल लागेपर्यंत काही बोलायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मीटर किती फिरलं?" मी आकडा वाचला. आकडा खरा होता. त्यात चूक नव्हती. तरीही तो वाचताना मला आपण कुणाच्या तरी घरी दुसऱ्याचं बिल देत आहोत असं वाटलं.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. ओल्या लोकरीचा आणि चहाचा वास, खुर्च्यांचे आवाज, रेडिओ स्टेजवर. यादी खालून वर वाचतात. पाचवं, चौथं. मग तिसरं, आणि आमच्या शाळेचं नाव आलं. हॉल उसळला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, मिसेस डोलन रडत होत्या, शेमस पैज हरूनही टाळ्या वाजवत होता. एका गावच्या शाळेचं गाणं देशात तिसरं आलं होतं. मिनीबसपुरते पैसे केव्हाच जमले होते. पहिलं कोण आलं ते रेडिओने सांगितलं तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं. अर्थात तेच, युअर मॅन. इराच्या गालावर कुणीतरी चमकी फासली होती. केक कापला गेला.

हरल्यासारखं कासलबारमध्ये कुणालाच वाटत नव्हतं. नागपुरात मात्र वाटत होतं.

शनिवारी सकाळी फोन आला. खिडकीबाहेर नुकतं उजाडत होतं, मी चहा गाळत होतो. वडिलांचा आवाज बसलेला.

"कमी पडलो बापा आम्ही."

"बाबा, तिसरा नंबर म्हणजे..."

"नाही, ऐकून घे. बुधवारी निम्मा कट्टा देशमुखांच्या पुतण्याच्या लग्नाला गेला. मी म्हटलं होतं, दोघांनी तरी मागे थांबा. ऐकलं नाही कोणी. तिथेच गेला पहिला नंबर. इराला फोन दे. मला तिची माफी मागायची आहे."

आता मला बोलणं भाग होतं. न मोजलेल्या कामाची शाबासकी त्यांच्याजवळ राहिली असती तर मी राहू दिली असती. पण न केलेल्या चुकीचा भार त्यांच्या डोक्यावर राहू देणं मला जमलं नाही. मी सांगितलं. बाहेरचं ऐकणं धरत नाहीत, त्यामुळे लग्नाचा, पाठकबाईंच्या फोनचा, कशाचाच संबंध नव्हता. तुमच्याकडून काहीही कमी पडलं नाही. मी शक्य तितकं नीट सांगितलं. नीट सांगणं मला येतं.

 पलीकडून त्यांचा विचार करतानाचा हुंकार आला.

"म्हणजे मीटर फिरून राहिलं होतं, पण लाइन आपली नव्हती."

"हो, बाबा."

ते हसले. मला बरं वाटलं. आणि मग ते सहज म्हणाले, "हे आधी माहीत असतं तर आवाज चालू ठेवला असता."

"म्हणजे?"

"अरे, दिवसभर तेच ते. इथे घरी पोरांची परीक्षा. बागेत दहा फोन एकदम वाजले तर तमाशा. म्हणून मीच नियम केला होता, सगळ्यांनी आवाज शून्यावर ठेवायचा. युनिट तर पडूनच राहिले होते."

"तुम्ही ऐकलंच नाही गाणं?"

"ऐकलं ना. पहिल्या दिवशी, एकदा. ते कोणतं भजन म्हणून विचारलं देशमुखांच्या सुनेने, तेव्हाच तर आवाज बंद केला. त्यात आपल्या इराचा आवाज कोणता ते काही मला समजलं नाही. म्हटलं, आधी नंबर लागू दे. मग निवांत ऐकू."

मी फोन इराला दिला. त्यांनी माफी मागितली नाही, तेवढं माझ्या सांगण्याने साधलं. त्यांनी विचारलं, "तुझा आवाज नेमका कुठे येते त्यात?" इरा सांगायला लागली, आफ्टर द सेकंड व्हर्स, मग तिला वाटलं फोनवर हे जमणार नाही. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "मी आलो की दाखवते, आजोबा."

"चालेल. तूच दाखव," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात जायचं ठरलं होतं. मेधाची सुट्टी ऐनवेळी रद्द झाली. पुढच्या वर्षी इराची लीव्हिंग सर्टची, म्हणजे इथल्या बारावीची तयारी. मग परीक्षा, मग कॉलेजसाठी कॉर्कला घर शोधणं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. मी ती पुन्हा पुन्हा तपासली आहेत आणि एकातही खोट सापडत नाही. मधल्या काळात कट्टाही विरळ झाला. पाठकबाई मुलाकडे बंगळुरूला गेल्या. देशमुख गेले. रविवारचा फोन पुन्हा "जेवली का" वर आला, आणि मग वडील तेवढंही दोनदा विचारायला लागले, कारण पहिल्यांदाचं उत्तर त्यांना ऐकू येत नव्हतं.

मी वर्षभर आकड्यांत असतो आणि डिसेंबरात मला आकड्यांचा कंटाळा येतो, हे त्या वर्षापासूनचं. काय धरलं आणि काय नाही, हे ठरवणारा कुणीतरी असतो, आणि तो त्याच्या जागी बरोबरच असतो. मीही हेच काम करतो. नमुना नियमात बसला नाही तर वगळतो, आणि वगळलेल्याचं काय होतं याचा विचार करत नाही. पण बागेतल्या बाकावर, उन्हात, मांडीवर फोन ठेवून, आवाज बंद करून बसलेली ती माणसं मला सुपरमार्केटात, बटाट्यांपाशी दिसतात. ऐकायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती. हाताशी गाणं होतं, वेळ होता, आणि तेव्हा कानही होते.

या जुलैत आम्ही गेलो. नागपूर घामेजलेलं, पाऊस येतो येतो म्हणून न येणारं. वडील बारीक झाले होते. कानामागे यंत्र होतं, ते मधूनच शिट्टी मारायचं आणि वडील त्याच्यावर डाफरायचे. भावाने मला त्यांच्या कानांच्या तपासणीचा कागद दाखवला. असा आलेख वाचणं मला अवघड नाही. खालच्या पट्टीतलं बरंच शाबूत होतं. वर जाताना रेघ उतरत गेली होती, आणि पार वर काहीच नव्हतं. पुरुषांचे आवाज, दार आपटणं, ट्रक, हे त्यांना ऐकू येईल. पक्षी, चमच्यांची किणकिण, बारीक उंच आवाज, हे गेलं. मी कागद घडी करून परत दिला. इराला काही बोललो नाही.

ती आता कॉलेजात आहे, उंच झाली आहे. तिने आपले मोठे हेडफोन आणले होते. दिवाणावर वडिलांच्या शेजारी बसून तिने त्यांचं यंत्र हळूच काढलं, हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले, आवाज पूर्ण वाढवला आणि गाणं लावलं. वडील ताठ बसले, हात मांडीवर. मेधा दारात उभी. मी समोरच्या खुर्चीवर.

सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग पहिलं कडवं संपता संपता, जिथे फक्त मुलगे गातात, खालच्या पट्टीत, जाडसर आवाजात, तिथे त्यांची मान हलली. त्यांनी एक बोट वर केलं. चेहरा उजळला.

"हा!" ते ओरडून बोलले, कानांवर हेडफोन असलेला माणूस बोलतो तसं. "ही आपली इरा! हो का नाही?"

इराने माझ्याकडे पाहिलं. मी कधीच चूक तशी सोडत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. ती एक क्षण थांबली, मी काही बोलतो का पाहत. मग ती आजोबांकडे वळली, त्यांना ओठ दिसतील असं तोंड करून, सावकाश म्हणाली, "हो, आजोबा. मीच."

"वा," ते म्हणाले. त्यांनी आणखी थोडं ऐकलं, समाधानाने मान हलवली आणि हेडफोन काढून तिच्या मांडीवर ठेवले. "याला पहिला नंबर द्यायला पाहिजे होता. लोकांना कळत नाही."

मग त्यांनी भावाच्या बायकोला चहा टाकायला सांगितलं. गाणं चालूच होतं. दुसरं कडवं संपलं आणि हेडफोनमधून, अगदी बारीक, खोलीत तो उंच आवाज आला, वर जाऊन थांबला, उतरला. इरा तो बंद करायला विसरली होती, की मुद्दाम चालू ठेवला होता, मला माहीत नाही. आम्ही तिघांनी तो ऐकला. वडील तिचा हात हातात घेऊन तिच्याकडे बघत होते, आणि इतके खूश होते की मी खाली बघितलं.